वाचकांचे प्रश्न : देवाची ओढ आणि रोजची साधना

या वेळच्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे : ओढ वाटते, पण ती घेऊन करायचं काय? उत्तरं वारकरी परंपरेच्या अंगाने दिली आहेत. महाराष्ट्रात या ओढीसाठी सर्वांत बारकाईने आखलेली आणि कुणालाही परवडेल अशी वाट तीच आहे. दुसऱ्या उपासनेतल्या वाचकांनी आपलं नाम आणि आपला ग्रंथ घ्यावा, बाकी सूचना त्यांनाही उपयोगी पडतील.

प्रश्न : वय चौतीस. नोकरी, घर, संसार सगळं ठीक आहे. तरी रविवारी दुपारी सगळं आवरून झालं की आत काहीतरी रिकामं वाटतं, ‘एवढंच का?’ असं मनात येतं. घरी देवधर्म बेताचाच होता. देव आहे की नाही हेही मला नक्की सांगता येत नाही. अशा माणसाने सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, चिंचवड

दासबोधाच्या पाचव्या दशकात, सातव्या ते दहाव्या समासांत, समर्थांनी माणसाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत : बद्ध (प्रपंचात अडकलेला), मुमुक्षू (सुटकेची ओढ लागलेला), साधक, सिद्ध. ‘एवढंच का?’ हा प्रश्न मनापासून पडायला लागला की माणूस पहिलीतून दुसरीत आला असं समजायला हरकत नाही. मुमुक्षूची अडचण अशी, की ओढ आहे पण तिच्या हाताला काम नाही. मग ती विझून तरी जाते, नाहीतर प्रवचनांचे व्हिडिओ आणि पुस्तकं गोळा करण्यात खर्च होते. तेव्हा आधी तिला काम द्या, आणि तेही अगदी थोडं.

किती थोडं, ते ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे. मन-बुद्धीसकट सगळं चित्त मला देता येत नसेल, तर काय कर, हे तिथे भगवंत अर्जुनाला सांगतात : ‘तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय ॥’ आठ प्रहरांत एक निमिष. पुढच्या ओव्यांत त्याचा परिणामही सांगितला आहे. शरद ऋतू लागला की नदीचं पाणी हळूहळू ओसरतं, पुनवेनंतर चंद्र रोज थोडा थोडा कमी होत अवसेला नाहीसा होतो. तसं चित्त प्रपंचातून निघत जातं. दोन्ही दाखले सावकाश घडणाऱ्या गोष्टींचे आहेत. आज चंद्र कालच्यापेक्षा किती उणा झाला, हे नुसत्या डोळ्यांना धड कळतही नाही. साधनेला बसणाऱ्याने ही ओवी पहिल्या दिवशीच पाठ करून ठेवावी, पुढे फार उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष. पहिले तीन महिने रोज पंधरा मिनिटं, वेळ आणि जागा ठरलेली. सकाळी चहाच्या आधीची वेळ उत्तम. रात्री जेवणानंतर लगेच बसलात तर डुलक्या येतील. जमिनीवर बसवत नसेल तर सरळ पाठीची खुर्ची चालते. पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. मग ‘राम कृष्ण हरि’ या मंत्राची एक माळ, म्हणजे 108 वेळा, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात. न घाई करता तिला पाचेक मिनिटं लागतात. मग ज्ञानदेवांच्या हरिपाठातला एक अभंग दोनदा मोठ्याने वाचा, अर्थ पाहा, पुन्हा एकदा वाचा. उरलेला वेळ गप्प बसा. हरिपाठाचे अभंग 27. आठवड्याला दोन पाठ केले तर सव्वातीन महिन्यांत सगळा हरिपाठ मुखोद्गत होतो. मग पुस्तकाची गरज उरत नाही, लोकलमध्ये उभ्या उभ्याही तो म्हणता येतो.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात उत्साहाने पंधरा मिनिटांचा तास होतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं. पंधराचे वीस करायचे तर तीन महिन्यांनंतर. दुसरं, फोनवर हरिपाठ उघडून बसू नका. एक संदेश आला की बैठक मोडलीच म्हणून समजा. छापील पुस्तिका घ्या. तिसरं, सकाळ चुकली तर ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका. रात्री झोपण्याआधी एक माळ करा आणि बुडालेल्याची थकबाकी डोक्यावर घेऊ नका. चौथं, आज काही अनुभव आला का, हे रोज तपासू नका. तपासणारं मन नामाला बसलेलंच नसतं.

देव आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. हरिपाठाची पहिलीच ओळ ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ अशी आहे. दारात क्षणभर उभं राहा, एवढंच तिथे मागितलं आहे. आधी विश्वासाची कबुली द्या, असं कुणी म्हटलेलं नाही. तुकोबांनी स्वतःची हकीकत सांगणाऱ्या अभंगात दुष्काळ, दिवाळं, पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू हे सारं सांगितल्यावर साधनेची सुरुवात कशी झाली तेही सांगितलं आहे : ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥’ चित्त अभ्यासात नव्हतं. मग संतांची वचनं विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणारे होते त्यांच्या मागे धृपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरलं. यातलं धृपद धरणं आजही सगळ्यांत सोपं आहे. जवळच्या विठ्ठलमंदिरात एकादशीचं भजन असतंच. मागच्या रांगेत उभे राहा, टाळ येत नसेल तर टाळी वाजवा आणि धृपदात आवाज मिसळा. तुम्ही कोण, किती मानता, हे तिथे कुणी विचारत नाही.

हरिपाठ पाठ झाला की ज्ञानेश्वरी घ्या, पण बाराव्या अध्यायापासून. तो अडीचशेच्या आसपास ओव्यांचा आहे. रोज दहा वाचल्या तर महिन्याच्या आत होतो. प्रत सार्थ असावी. आधी गीतेचा श्लोक, मग ओवी, मग अर्थ, मग पुन्हा ओवी असा क्रम ठेवा. त्यानंतर पहिल्या अध्यायापासून रोज पंचवीस ओव्या. सगळा ग्रंथ सुमारे नऊ हजार ओव्यांचा, म्हणजे एका वर्षाचं काम. नवख्याने सात दिवसांच्या पारायणाला एकदम बसू नये. रोज सुमारे तेराशे ओव्या होतात, पाच-सहा तास लागतात आणि अर्थाकडे पाहायला सवड मिळत नाही. ज्यांचा ग्रंथ आधीच ओळखीचा आहे, त्यांना पारायणाचा आनंद वेगळाच मिळतो.

प्रश्न : दोन वर्षं नेमाने जप करते. पहिलं वर्ष भरून आल्यासारखं वाटायचं, डोळ्यांत पाणी यायचं. आता काहीच वाटत नाही. माळ फिरते आणि मी वाणसामानाची यादी करत असते. माझं काही चुकलं का? थांबवू का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

थांबवू नका. हे कोरडे दिवस जवळजवळ प्रत्येकाला येतात आणि संतांनी ते लपवलेले नाहीत. ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ म्हणणाऱ्या तुकोबांनीच ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ असंही म्हटलं आहे. त्याच्याशी बोलणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं आता तुटलं, इथवर ते जातात. तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे (1886–1957) यांनी तुकोबांच्या अशा अभंगांचा स्वतंत्र विचार केला आणि साक्षात्काराआधीची काळोखी रात्र म्हणून ते वाचले. हे अभंग गाथेत आजही आहेत, कुणी ते गाळलेले नाहीत, याचा मोठा आधार वाटावा. रुसवाही देवापाशीच बोलून दाखवायचा, पाठ फिरवून नव्हे, हे त्यातून शिकता येतं. ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशी ‘आज काही वाटत नाही’ एवढं बोलून माळ सुरू करा.

आता कारणं पाहू. पहिलं अगदी साधं आहे : झोप कमी, किंवा वेळ चुकीची. शाळा, घर, वह्या आटोपून रात्री साडेदहाला बसत असाल तर मन यादीच करणार. आठवडाभर वेळ बदलून पाहा. दुसरं कारण वेग. दोन वर्षांत जीभ इतकी सरावते की पाच मिनिटांची माळ दोन मिनिटांत संपते. नामाचे शब्द एकमेकांत मिसळायला लागले की समजावं, फक्त जीभ चालली आहे. यावर उपाय म्हणजे महिनाभर माळांची संख्या निम्म्यावर आणा आणि प्रत्येक मण्याला एक श्वास द्या : श्वास सोडताना नाम, घेताना शांत. तरीही यादी सुरूच राहिली तर लिखित जप करा. साधी वही घ्या, रोज एक पान, सुवाच्य अक्षरात. लिहिताना हात, डोळा आणि मन तिन्ही गुंततात, त्यामुळे भरकटलं की ओळ वाकडी होते आणि लगेच कळतं. शाळेतल्या फळ्यावर हे तुम्ही रोज अनुभवत असाल.

तिसरं कारण एकटेपण. घरी एकटीने केलेला जप वर्ष-दोन वर्षांनी कोरडा पडू लागतो, हे इतक्यांच्या बाबतीत दिसतं की कोरडेपणाच्या पत्राला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो : भजनाला शेवटचं कधी गेलात? आठवड्यातून एकदा सामुदायिक हरिपाठ गाठा. टाळ-मृदंगावर म्हटला जातो तेव्हा प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखें म्हणा’ हे धृपद येतं, आणि ते पंचवीस-तीस गळ्यांतून उठतं तेव्हा तुमच्या मनाने एकट्याने जोर लावायची गरज राहत नाही.

पहिल्या वर्षी डोळ्यांत पाणी यायचं ते खरंच होतं. पण त्याची वाट पाहत बसलात तर नामाऐवजी त्या पाण्याचीच उपासना सुरू होते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून पाहा. कोरडेपणा फक्त जपापुरता आहे, की मुलांच्या हसण्यात, जेवणात, आवडत्या गाण्यातही काही वाटेनासं झालं आहे? झोप लागत नाही, भूक मेली आहे, सारखं रडू येतं किंवा जगणंच नको वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर डॉक्टरांकडे उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. औषध घेतल्याने साधनेला कमीपणा येत नाही. आणि कुणी ‘जप वाढवा, गोळ्या बंद करा’ असं सांगितलं तर ते मुळीच ऐकू नका.

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंत माझा असा वेळ नाही. देवासमोर पाच मिनिटं बसले तरी हाक येते. मग वाटतं, या जन्मात आपल्याकडून काही होणार नाही.
— एक गृहिणी, सांगली जिल्हा

जनाबाईंनी ‘दळितां कांडितां । तुज गाईन अनंता ॥’ असं म्हटलं, ते काम संपायची वाट पाहून नव्हे. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातल्या कांदा-मुळा-भाजीत विठाबाई पाहिली. तुमच्या दिवसात नामाला जागा आहे, ती फक्त कामात बसवून घ्यावी लागेल.

सगळ्याच कामांत नाम बसत नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्यात हात एकाच लयीत चालतात आणि डोकं मोकळं असतं ती कामं धरा : केर काढणं, पोळ्या लाटणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या, सासूबाईंचे पाय चोळणं. औषधांच्या मात्रा मोजताना, हिशेब करताना किंवा गाडी चालवताना नाम धरायला जाऊ नका. तिथे पूर्ण लक्ष कामातच हवं. सुरुवातीला दिवसातलं एकच काम निवडा. समजा पोळ्या. पहिली पोळी पोळपाटावर आली की नाम सुरू, शेवटची डब्यात गेली की संपलं. मोजायचं नाही. मध्ये हाक आली तर उठा, परत आल्यावर पुढे चालू. दोन-तीन आठवड्यांत लाटणं हातात घेतलं की नाम आपोआप तोंडात येऊ लागतं. मग दुसरं काम जोडा.

सासूबाईंना ऐकू येत असेल तर संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून हरिपाठातले दोन अभंग मोठ्याने म्हणा. त्यांना पाठ असतील तर त्या सोबत ओठ हलवतील. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आठवड्यातून एक संध्याकाळ सासूबाईंजवळ बसायला सांगा, स्पष्ट सांगा. सेवा एकाच माणसाने करायची असा नियम कुठल्या पोथीत नाही.

प्रश्न : आमच्या भागात एक महाराज येतात. गुरुमंत्र घेतल्याशिवाय कुठलाही जप फळत नाही असं सांगतात. दीक्षेसाठी एकवीस हजार रुपये आणि ‘घरात कुणाला सांगू नका’ अशी अट आहे. मन ओढलं जातंय आणि भीतीही वाटते. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

पैसे देऊ नका, आणि घरात आजच सांगा.

गुरूचं महत्त्व संतांनी मोठं मानलं आहे यात शंका नाही. म्हणूनच परीक्षाही कडक ठेवली आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकातला दुसरा समास या आठवड्यात दोनदा वाचा. सुरुवातच अशी आहे : ‘जे करामती दाखविती । तेही गुरु म्हणिजेती । परंतु सद्गुरु नव्हेती । मोक्षदाते ॥’ जे शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, असे गुरू ‘आडक्याचे तीन’ (क्षुल्लक नाण्याला तीन) मिळाले तरी टाकून द्यावेत, इतक्या रोखठोक शब्दांत समर्थ बोलले आहेत.

आजच्या व्यवहारात पाहायचं ते असं. रक्कम ठरलेली आहे का? गुप्ततेची अट आहे का? घरच्यांपासून, जुन्या मित्रांपासून तोडायचा प्रयत्न आहे का? डॉक्टरांचं औषध बंद करायला सांगतात का? एकट्या स्त्रीला बंद खोलीत भेटायला बोलावतात का? शंका विचारली की शाप किंवा अरिष्टाची भीती घालतात का? यातली एकही गोष्ट दिसली तर तिथून उठावं. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, भीती घालणं हे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्ह्यात येतं, आणि पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हेही माहीत असू द्या. नाहीतर ‘कायदा धर्माच्या विरुद्ध आहे’ असं सांगून लोकांना गप्प केलं जातं.

मंत्र न घेता जप फळत नाही, हे वारकरी परंपरेत कुणी सांगणार नाही. ‘राम कृष्ण हरि’ हा उघडा मंत्र आहे, तो रस्त्याने मोठ्याने म्हणत लाखो लोक पंढरीला जातात. तुकोबांना तो बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात मिळाला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितलं, आणि तेही द्यायचं राहून गेलं, असं तुकोबांनीच लिहून ठेवलं आहे. दीक्षेसारखं काही हवंच असेल तर तुळशीची माळ घाला. गळ्यात माळ, वारी, एकादशी, मद्य-मांस वर्ज्य आणि रोज हरिपाठ, एवढी त्याची बंधनं आहेत. सगळ्या गावासमोर घालता येते, लपवायचं काहीच नसतं. बंधनं पाळायची तयारी झाल्यावरच घाला. तोवर माळेशिवाय नाम घ्यायला कुणाची मनाई नाही.

प्रश्न : इथे आठ-दहा मराठी कुटुंबं दर गुरुवारी ऑनलाइन हरिपाठ म्हणतो. पण सगळे एकत्र म्हणायला लागलो की नुसता गोंधळ होतो.
— एक वाचक, टोरांटो

आवाज पोहोचायला प्रत्येकाकडे कमी-जास्त उशीर होतो, त्यामुळे ऑनलाइन एका तालात म्हणणं शक्यच नाही. एकानेच माइक चालू ठेवून चालवावं, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी मोठ्याने म्हणावं. चालवणारा दर आठवड्याला बदला, म्हणजे सगळ्यांची तयारी होते. टाळ चालवणाऱ्यानेच आणि माइकपासून लांब धरून वाजवावेत. जवळ वाजवले की ॲप आवाज कापतं आणि शब्द ऐकू येत नाहीत. महिन्यातून एकदा मात्र कुणाच्या तरी घरी प्रत्यक्ष जमाच, मुलांना घेऊन.

प्रश्न : वय बासष्ट, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. एकादशी सोडवत नाही. काय करू?
— एक वाचक, लातूर

वर्षाला 24 एकादश्या, अधिक महिना आला तर 26. तेव्हा डॉक्टरांना एकदाच सविस्तर विचारून ठेवा. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते. उलट साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांनी ती चढते. दोन्हींत धोका आहे. निर्जळी करू नका. डॉक्टर हो म्हणाले तर थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक असं वेळेवर खा. घाम, थरथर, गरगर जाणवली तर उपास तिथेच मोडून साखर तोंडात घाला. संध्याकाळचं भजन आणि रात्रीचं कीर्तन हा एकादशीचा गाभा आहे, आणि त्यात तुमच्या गोळ्यांची काहीच आडकाठी नाही.

प्रश्न : जपाची माळ तुटली, हा अपशकुन आहे का? आणि पाळीच्या दिवसांत नाम घ्यावं का?
— एक वाचक, रत्नागिरी

अपशकुन नाही, दोरा कुजला. रोज वापरातल्या माळेचा सुती दोरा घामाने आणि घासून झिजतोच. मणी गोळा करून मोजा, 108 आणि मेरुमणी. जाड सुती दोऱ्यात पुन्हा ओवा, दोन मण्यांमध्ये गाठ मारा, म्हणजे पुढे तुटली तरी सगळे मणी सांडणार नाहीत. मणी चिरला असेल तर तो तुळशीच्या कुंडीत ठेवा आणि नवा घ्या. जप करताना माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढा; मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हरिपाठातच आहे : ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. महिन्याच्या तिसाही दिवशी घ्या.